उंबरठ्यावरचा गुरुजी
(स्मृतिनगर, भिलाई येथे मराठी श्रोत्यांपुढे झालेले भाषण)



भिलाईच्या रहिवाशांना परदेशी शिक्षक ही काही नवलाईची गोष्ट नाही. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला आणि त्यापाठोपाठ या मुलखात रशियन तंत्रज्ञ येऊन राहिले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या भट्टीशेजारी उभे राहून जे कामगार आणि अभियंते आपले काम शिकले, त्यांचे पहिले गुरुजी परदेशी होते. शिकवणारे काही वर्षांनी मायदेशी परतले, शिकणारे येथेच राहिले. विदर्भातून आणि उर्वरित महाराष्ट्रातून येऊन या कारखान्याच्या आश्रयाने स्थिरावलेली मराठी कुटुंबेही त्यांत होती. स्मृतिनगरासारख्या वसाहतींतून आज त्यांची मुले-नातवंडे नांदत आहेत. त्यामुळे परक्या भूमीत शिकवणारा माणूस आणि परक्या भूमीत रुजणारा माणूस हे दोघेही या श्रोतृवर्गाच्या परिचयाचेच आहेत.

आजच्या भाषणाचा विषय जपानी शाळेत पाऊल ठेवणारा परदेशी शिक्षक हा आहे. त्याला पहिल्या काही दिवसांत काय दिसते, त्यातले किती खरे ठरते, आणि पाहुणा म्हणून आलेल्या त्या माणसाला ते घर कधी आपले म्हणते काय, एवढ्याच प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे. त्यासाठी दोन माणसांची उदाहरणे पुरेशी आहेत. एक आयरिश पिता आणि ग्रीक माता यांच्या पोटी जन्मलेला लेखक, आणि दुसरा अंबरनाथमध्ये जन्मलेला मराठी गृहस्थ. त्या दोघांत एकशे बत्तीस वर्षांचे अंतर आहे.

पहिल्याचे नाव लाफ्काडिओ हर्न. १८५० साली ग्रीसमधील लेफ्काडा बेटावर त्याचा जन्म झाला. किशोरवयातच त्याचा एक डोळा गेला आणि दुसऱ्याची दृष्टीही अधू राहिली. अमेरिकेत त्याने वृत्तपत्रात नोकरी केली, वेस्ट इंडीजमध्ये काही काळ काढला आणि १८९० च्या एप्रिलमध्ये लेखनाच्या निमित्ताने तो योकोहामा बंदरात उतरला. प्रकाशकाशी त्याचे बिनसले, जवळचे पैसे संपत आले, तेव्हा उपजीविकेसाठी त्याने इंग्रजीच्या शिक्षकाची नोकरी पत्करली. शिक्षणशास्त्राचे कोणतेही प्रमाणपत्र त्याच्यापाशी नव्हते. ऑगस्टच्या अखेरीस तो जपानच्या पश्चिम किनाऱ्याकडील मात्सुए या जुन्या संस्थानी गावी पोहोचला आणि सप्टेंबरच्या आरंभी वर्गात उभा राहिला.

त्या काळच्या जपानमध्ये परदेशी शिक्षकाला एक ठरलेले स्थान होते. १८६८ च्या मेइजी पुनःस्थापनेनंतर सरकारने इंग्लंड, अमेरिका, फ्रान्स, जर्मनी या देशांतून तज्ज्ञ बोलावले. त्यांना ‘ओयातोई गाइकोकुजिन’, म्हणजे पगारावर नेमलेले परदेशी, असे म्हणत. त्यांना वेतन भरघोस मिळे, मान मिळे, आणि करारात मुदत लिहिलेली असे. मुदत संपली की तज्ज्ञ परत जाई आणि दरम्यान त्याच्या हाताखाली किंवा परदेशी जाऊन तयार झालेला जपानी माणूस त्याच्या जागी बसे. ज्ञान घ्यावे, पण ज्ञान देणाऱ्यावर कायमचे अवलंबून राहू नये, असे ते धोरण होते. भिलाईकरांना हा क्रम ओळखीचा वाटेल.

मात्सुएमध्ये हर्न दोन ठिकाणी शिकवीत असे. शिक्षक तयार करणारे नॉर्मल स्कूल हे एक, आणि तेथील माध्यमिक शाळा हे दुसरे. माध्यमिक शाळेतील त्या वेळचे विद्यार्थी आजच्या हायस्कूलच्या मुलांच्याच वयाचे होते, म्हणून तेथील चित्र आपल्या विषयाच्या अगदी जवळचे आहे. नॉर्मल स्कूलमध्ये लष्करी शिस्त होती. हुकूम होताच सारा वर्ग एका क्षणी उभा राही, एका क्षणी वाके आणि एका क्षणी खाली बसे. माध्यमिक शाळेत वातावरण अधिक मोकळे होते. हर्नला जपानी येत नव्हते, मुलांना बोलले जाणारे इंग्रजी कळत नव्हते. तो फळ्यावर लिही आणि मुले उतरवून घेत. निशिदा सेन्तारो हे तेथील ज्येष्ठ शिक्षक त्याच्या मदतीला असत आणि तेच पुढे त्याचे जिवलग मित्र झाले.

पहिल्या दिवसांत त्याला जे जाणवले ते असे. समोर बसलेले चेहरे शांत, प्रसन्न, पण एकमेकांपासून वेगळे न ओळखू येणारे. निबंधाला विषय दिला की अक्षर वळणदार आणि विचारही नेटके, परंतु बहुतेक वह्यांतून तोच विचार, तीच उपमा. एखादा उतावळा निरीक्षक यावरून असा निष्कर्ष काढून मोकळा झाला असता की या मुलांना स्वतःचे मनच नाही. हर्नने तसे केले नाही. मुले त्याच्या घरी येऊ लागली. दिवाणखान्यात गुडघे मोडून बसत, चित्रे पाहत, कित्येकदा अर्धा-अर्धा तास काहीच बोलत नसत. कोणी घराण्यातील जुनी चित्रगुंडाळी दाखवायला आणी, कोणी बासरी वाजवी. हळूहळू नावांना चेहरे मिळाले आणि चेहऱ्यांना स्वभाव. जे सारखेपण वाटले होते, ते मनाचे दारिद्र्य नसून समूहात वावरण्याची रीत होती. स्वतःचे वेगळेपण चारचौघांत मिरवू नये, हा संस्कार त्यामागे होता.

दुसरी एक गोष्ट त्याला फार विशेष वाटली. शिक्षक मुलांना मारीत नव्हते, त्यांच्यावर ओरडतही नव्हते. गुरू हा थोरल्या भावासारखा वागे. यामागे केवळ मायाच होती असे समजण्याचे कारण नाही. एखादा शिक्षक अन्याय करतो किंवा त्याला विषय येत नाही असे वर्गाला वाटले, तर मुले एकजुटीने मुख्याध्यापकांकडे जात आणि त्यांच्या म्हणण्याची दखल घेतली जाई. नम्रपणे वाकणारी हीच मुले गुरूची परीक्षाही घेत होती. छडीशिवाय विद्या नाही या समजुतीवर पिढ्यान् पिढ्या वाढलेल्या आपल्याकडील वाचकाला हे वर्णन आजही थबकायला लावते.

परंतु याच शाळेने हर्नला आपली दुसरी बाजूही दाखविली. योकोगी नावाचा एक सुताराचा मुलगा त्याच्या लाडक्या विद्यार्थ्यांपैकी होता. अभ्यासाच्या अतिरेकाने तो आजारी पडला आणि पुन्हा उठला नाही. अखेरच्या रात्री त्याने शाळा पाहण्याचा हट्ट धरला. एका विश्वासू वृद्धाने त्याला पाठीवर घेतले आणि अंधाऱ्या रस्त्यांतून शाळेसमोर नेऊन उभे केले. मुलाने आपल्या वर्गाच्या खिडक्या डोळे भरून पाहिल्या आणि त्याला समाधान वाटले. हर्नने हा प्रसंग लिहून ठेवला आणि त्याबरोबर कारणाचाही विचार केला. भात, थोडी भाजी आणि सोयाबीनचे पदार्थ एवढ्यावर राहणारी ही गरीब मुले, थंडीत पुरेशी ऊब नसलेल्या खोल्यांत बसून, युरोपात शतकानुशतके साठलेली विद्या थोडक्या वर्षांत आणि तीही परक्या लिपीतून पोटात घेऊ पाहत होती. त्या विद्येची किंमत कोवळ्या शरीरांतून वसूल होत होती. १८९४ साली प्रसिद्ध झालेल्या जपानविषयक त्याच्या पहिल्या ग्रंथात इंग्रजी शिक्षकाच्या रोजनिशीचे जे प्रकरण आहे, त्यातील ही पाने विसरता येत नाहीत. शाळेवरचे प्रेम आणि शाळेने घेतलेला बळी या दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या ठिकाणी एकत्र आलेल्या त्यात दिसतात.

१८९१ च्या नोव्हेंबरमध्ये हर्न कुमामोतो येथील वरच्या दर्जाच्या विद्यालयात गेला. ज्युदोचे प्रवर्तक कानो जिगोरो तेव्हा तेथे प्राचार्य होते. मुले वयाने मोठी, करारी आणि अबोल होती. ती मात्सुएप्रमाणे घरी येऊन बसत नसत. जपानी विद्यार्थी कसा असतो याबद्दल एका गावात बांधलेला आडाखा दुसऱ्या गावात उपयोगी पडला नाही. पहिल्या अनुभवावरून साऱ्या देशाचे स्वरूप ठरविणाऱ्यांनी हा धडा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

दरम्यान हर्नने कोइझुमी सेत्सु या सामुराई घराण्यातील स्त्रीशी विवाह केला होता. पत्नीला आणि मुलांना कायद्याचे संरक्षण मिळावे म्हणून १८९६ साली त्याने जपानी नागरिकत्व घेतले आणि कोइझुमी याकुमो हे नाव धारण केले. त्याच वर्षी तो तोक्यो विद्यापीठात अध्यापक झाला. पण त्याचा पगार परदेशी शिक्षकाचा होता आणि माणूस आता जपानी होता. ही विसंगती कधी ना कधी डोळ्यांवर येणारच होती. १९०३ साली विद्यापीठाने त्याचा जुना करार पुढे चालू ठेवला नाही. विद्यार्थ्यांनी निषेध केला, तरी हर्नला जावे लागले. त्याच्या जागी इंग्लंडहून शिकून आलेले नात्सुमे सोसेकी आले आणि जपानचे थोर कादंबरीकार म्हणून पुढे त्यांची कीर्ती झाली. धोरणाप्रमाणे सारे यथास्थित झाले होते. परदेशी गेला, स्वदेशी आला. मात्र जो गेला तो स्वतःला परदेशी मानीत नव्हता. पुढच्याच वर्षी, २६ सप्टेंबर १९०४ रोजी, त्याचे निधन झाले.

या धोरणाचा एक भाग महाराष्ट्राच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. जपानने शिक्षक परदेशी नेमले, परंतु शिक्षणाची भाषा परदेशी राहू दिली नाही. आरंभीच्या वर्षांत उच्च शिक्षण इंग्रजी, जर्मन, फ्रेंच यांतून चाले. एकदा जपानी अध्यापक तयार झाले की विषय जपानीत आले. १९०१ साली तोक्योत नारुसे जिन्झो यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. त्याची माहिती देणारी एक पुस्तिका धोंडो केशव कर्वे यांच्या हाती पडली. १९१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेचे अध्यक्ष या नात्याने त्यांनी महिला विद्यापीठाची कल्पना मांडली आणि १९१६ साली ती प्रत्यक्षात आणली. मातृभाषा हे त्या विद्यापीठाचे शिक्षणमाध्यम होते. १९२९-३० च्या परदेश प्रवासात सत्तरी ओलांडलेल्या अण्णांनी तोक्योचे ते विद्यापीठ स्वतः जाऊन पाहिले. परदेशी पाहुण्याने जपानी शाळेतून काय घरी न्यावे, याचे याहून चांगले उदाहरण मराठी माणसाला शोधावे लागणार नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानची शिक्षणपद्धती नव्याने रचली गेली. १९४७ पासून सहा वर्षे प्राथमिक, तीन वर्षे कनिष्ठ माध्यमिक आणि तीन वर्षे उच्च माध्यमिक अशी मांडणी आहे. शेवटची तीन वर्षे सक्तीची नसूनही जवळजवळ सर्व मुले ती पूर्ण करू पाहतात आणि बहुसंख्य शाळांत प्रवेशपरीक्षा देऊनच शिरावे लागते. १९८७ साली सरकारने परदेशी तरुणांना इंग्रजीचे साहाय्यक शिक्षक म्हणून बोलावण्याची योजना सुरू केली. पहिल्या वर्षी चार देशांतून ८४८ जण आले. तेव्हापासून दरवर्षी नवे गुरुजी जपानी शाळेच्या दाराशी येऊन थबकतात, आणि थबकण्याचे पहिले कारण बहुधा पादत्राणे हे असते.

दाराशी लाकडी किंवा लोखंडी कप्प्यांची रांग असते. बाहेरचे जोडे तेथे काढावयाचे आणि आतले मऊ जोडे घालावयाचे. युरोप-अमेरिकेच्या माणसाला याचे अप्रूप वाटते. आपल्याला ते घरचेच वाटेल. मग तो वर्गात जातो. येथे मुले वर्ग बदलत नाहीत, शिक्षकच तासागणिक वर्ग बदलतात. वर्ग ही मुलांची जागा असते आणि शिक्षक तेथे पाहुणा असतो. त्या दिवशी ज्याची पाळी असेल तो मुलगा उभे राहण्याचा आदेश देतो, सारे वाकतात आणि तास सुरू होतो. प्रश्न विचारला की शांतता पसरते. उत्तर येत नाही म्हणून नव्हे, तर शेजाऱ्याला डावलून आपण पुढे कसे व्हावे म्हणून. हर्नच्या वर्गातील सारख्या निबंधांचीच ही धाकटी भावंडे होत. शिक्षकांची बसण्याची खोलीही सामायिक असते. टेबलाला टेबल लावून सारे समोरासमोर बसतात. सायंकाळी घरी जाण्याची घाई कोणालाच नसते, कारण शाळा सुटल्यावर क्रीडा, संगीत, सुलेखन यांची मंडळे भरतात आणि थोरली मुले धाकट्यांना शिकवतात.

यांतील सर्वांत बोलके दृश्य साफसफाईचे आहे. ठरलेल्या वेळी मुले झाडू आणि ओली फडकी घेतात, वर्ग, जिने, व्हरांडे आणि पुष्कळ ठिकाणी स्वच्छतागृहेही स्वतः साफ करतात. शिक्षकही बरोबर असतात. ज्या देशात झाडू कोणाच्या हाती द्यायचा हे जन्मावरून ठरत आले, तेथून आलेल्या माणसाने हे दृश्य केवळ टापटिपीचे उदाहरण म्हणून पाहू नये. आपल्याकडेही असा विचार झालेला आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ पासून साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र ठेवली. ती मुले आपली कामे स्वतः करीत आणि श्रम करून शिकत. जपानने जे प्रत्येक शाळेत नेले, ते आपल्याकडे एका थोर माणसाच्या संस्थेपुरते राहिले, हा फरक आहे.

तथापि पाहुण्याला पहिल्या आठवड्यात जे दिसत नाही, तेही सांगितले पाहिजे. योकोगीची कहाणी संपलेली नाही. प्रवेशपरीक्षेसाठी मुले शाळेनंतर शिकवणी वर्गांत जातात आणि रात्री घरी येतात. समूहात न बसणाऱ्या मुलाचा छळ होतो. तो इतका वाढला की २०१३ साली त्याविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. शाळेत जाणेच सोडून देणाऱ्या मुलांची संख्या हा तेथील मोठा चिंतेचा विषय आहे. ओसाका प्रांतात एका विद्यार्थिनीला उपजत तपकिरी केस काळे रंगविण्याची वारंवार सक्ती झाल्याची तक्रार २०१७ साली न्यायालयात गेली. शिक्षकही सुटलेले नाहीत. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत कनिष्ठ माध्यमिक शाळांतील जपानी शिक्षकाचा आठवडा ५६ तासांचा आढळला, तर सहभागी देशांची सरासरी सुमारे ३८ तासांची होती. जी एकजूट झाडू हाती देते, तीच वेगळ्या केसांना रंग लावावयास सांगते. पाहुण्याने या दोन्ही गोष्टी एकाच घरातल्या म्हणून समजून घ्याव्या लागतात.

आता दुसऱ्या माणसाकडे वळू. योगेंद्र पुराणिक यांचा जन्म अंबरनाथचा. २००१ पासून ते संगणक क्षेत्रातील नोकरीच्या निमित्ताने जपानमध्ये स्थायिक झाले. तोक्योच्या एदोगावा विभागात, निशी-कासाई परिसरात, भारतीयांची मोठी वस्ती आहे. तेथे राहून त्यांनी २०१२ साली जपानी नागरिकत्व घेतले. २०१९ च्या एप्रिलमध्ये ६,४७७ मते मिळवून ते त्या विभागाच्या प्रतिनिधिसभेवर निवडून आले. पुढे इबाराकी प्रांताने आपल्या शाळांसाठी शिक्षणक्षेत्राबाहेरून मुख्याध्यापक निवडण्याचे ठरविले. दीड हजारांहून अधिक अर्ज आले आणि निवडलेल्या मोजक्या उमेदवारांत पुराणिक होते. २०२२ च्या एप्रिलमध्ये ते त्सुचिउरा येथील पहिल्या क्रमांकाच्या प्रांतिक हायस्कूलचे उपमुख्याध्यापक झाले आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये मुख्याध्यापक. हे विद्यालय १८९७ साली सुरू झालेले. म्हणजे हर्न तोक्योत शिकवीत होता, तेव्हा तेही नुकतेच सुरू झाले होते. त्याची १९०४ साली बांधलेली जुनी लाकडी इमारत राष्ट्रीय वारसा म्हणून जतन केलेली आहे.

या नेमणुकीचे मर्म कायद्यात आहे. जपानच्या सार्वजनिक शाळांत परदेशी नागरिकाला शिकवता येते, पण १९९१ पासूनच्या व्यवस्थेनुसार त्याला पूर्णवेळ व्याख्याता म्हणूनच नेमले जाते आणि व्यवस्थापनाची पदे त्याला मिळत नाहीत. मुख्याध्यापकाच्या खुर्चीपर्यंत जाणारी वाट नागरिकत्वातूनच जाते. हर्नला नागरिक झाल्यावर ‘तू आता पाहुणा नाहीस’ असे सांगून पाहुण्याचा मान काढून घेतला गेला आणि घरच्याचे स्थान मात्र मिळाले नाही. पुराणिकांना नागरिक झाल्यावर घराच्या किल्ल्या मिळाल्या. एकशे बत्तीस वर्षांत जपानने टाकलेले पाऊल एवढे आहे. ते लहान नाही. मात्र असा मुख्याध्यापक नेमला गेला ही अजून बातमी व्हावी, यावरून ते शेवटचे पाऊल नाही हेही उघड होते.

परदेशी शिक्षक प्रथम शिस्त पाहतो, मग शांतता, मग स्वच्छता. या साऱ्या उंबरठ्यावरून दिसणाऱ्या गोष्टी आहेत. उंबरठा ओलांडायला वेळ लागतो, आणि तो ओलांडणे एकट्या पाहुण्याच्या हाती नसते. घरच्यांनीही बाजूला सरून जागा करून द्यावी लागते. भिलाईत आलेल्या मराठी कुटुंबांना हा अनुभव सांगावा लागू नये. ज्यांचे आजोबा परक्या गुरूकडून काम शिकले, ज्यांची मुले शाळेत हिंदी आणि घरात मराठी बोलतात, त्यांना पाहुणेपण आणि घरपण यांच्यामधला तो चिंचोळा पट्टा ठाऊक आहे. म्हणून येथील एखाद्या वर्गात उद्या दूरच्या प्रांतातले, अनोळखी उच्चाराचे मूल किंवा शिक्षक येऊन उभा राहील, तेव्हा त्याचे मौन म्हणजे मंदपणा असे कोणी मानू नये. मात्सुएच्या मुलांप्रमाणे त्याला घरी बोलवावे, अर्धा तास काही न बोलता बसू द्यावे. पुढचे आपोआप होते.

इतके सांगून हे विवेचन येथेच पुरे करणे उचित होईल.